निळ्यावर शाई नाही

“तो परत येत नाही म्हणजे नाही. घरी आलेला बंडखोर म्हणजे पाण्यात पडलेला फटाका. कोण विकत घेणार?”

मास्तर हे पेन्सिलीला टोक करता करता बोलले, वर न बघता, आणि काडीला नेमकं तेच झोंबलं. भांडायचं तर माणसानं समोर बघून भांडावं.

“मग काय, आयुष्यभर त्या पुलावरच उभा राहणार?” तो म्हणाला. “पुलानं दत्तक घेतलाय का त्याला?”

मास्तर गालातल्या गालात हसले. गोष्ट कुठे न्यायची ते मी बघतो, तू शाई फिरव, म्हणाले आणि विषय संपल्यासारखी पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारली.

काडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. अंगानं काडी आणि डोकं काडीपेटी, म्हणून मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात ठेवलेलं. शाळा त्यानं त्याच्या आधीच सोडली होती. भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर काढलेल्या नकाशात नदी डोंगर चढून जात होती. हे त्यानं उभं राहून सांगितलं, गप्प बस म्हटल्यावर परत सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगितलं ते वर्गाबाहेर पडता पडता, दार आपटून. नदी खरंच डोंगर चढत होती, पण शाळेत नुसतं बरोबर असून भागत नाही. त्याचा हात मात्र स्थिर होता. डोकं कितीही भणभणत असू दे, ब्रश धरला की हात दुसऱ्या कुणाचातरी असल्यासारखा शांत व्हायचा. त्या हाताच्या जोरावर त्याला हे काम मिळालं होतं.

खोली छापखान्याच्या वर होती. खाली मशीन चालू असलं की जमीन अंगात बारीक ताप असल्यासारखी थरथरायची, आणि दौतीतल्या शाईवर गोल गोल लाटा उठायच्या. मोठ्या खिडकीपाशी दोन उतरती टेबलं. खिडकीची काच धुतली कधी होती कोण जाणे. दुपारचा उजेड तिच्यातून गाळला जाऊन, दुधात पाणी घातल्यासारखा आत यायचा. त्या उजेडात दोघं बसायचे. मास्तर पेन्सिलीनं काढायचे, काडी त्यावर शाई फिरवायचा, सगळ्यात शेवटी मास्तर चित्रातल्या माणसांच्या बोलण्याच्या फुग्यांमध्ये अक्षरं भरायचे. अक्षरांचं काम काडीला कधीच मिळणार नव्हतं. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी कागदावरून पळाली.

काढत होते ते ‘बिनकुलपाची माणसं’चा दुसरा भाग. पहिला भाग म्हणजे नुसत्या अक्षरांची कादंबरी, हा चित्रांचा. लिहिणारा केव्हाच मेला, पण पुस्तक काही मरेना. त्यात एक कारकून असतो. नाव नाही. चेहरा कसा होता त्याचंही वर्णन नाही. एके दिवशी तो भरल्या ताटावरून उठतो, “मला आता निघायला हवं” म्हणतो आणि निघतो. मग असेच निघालेले बाकीचे त्याला भेटत जातात. सगळे मिळून गावातली कुलपं फोडत सुटतात. जो येईल त्यानं आपल्या घराची किल्ली विहिरीत टाकायची, हा त्यांचा नियम. शेवटच्या पानावर सगळे पुलावरून चाललेले असतात, पाठमोरे. एवढीच गोष्ट. पण ती वाचून तरण्याताठ्या पोरांनी गळ्यात वाकड्या किल्ल्या बांधल्या, बापांशी बोलणं टाकलं. खरा मर्द तो, जो मागे वळून बघत नाही, असं एकमेकांना सांगत फिरले. काही जण खरोखर निघाले.

काडीचे बाबा त्यातलेच.

काडी तेव्हा सहा वर्षांचा. बाबा जेवता जेवता उठले. ते एक वाक्य म्हणाले, जणू बस चुकत होती. कोट खुंटीवरच राहिला, किल्ली घेऊन गेले. काडीला बाबांचा चेहरा आठवत नव्हता. घरात फोटो होते, ढीगभर होते, पण फोटो काढणारे बाबाच, त्यामुळे एकाही फोटोत बाबा नव्हते. त्याला आठवायची ती पाठ. उजवा खांदा किंचित खाली, दारातून जाताना जराशी तिरकी झालेली. तो ताटापाशी बसून ती बघत राहिला होता, हातातला घास हातातच.

मास्तरांना त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याचा हिशेब साधा होता. बाबा कुठेही असले तरी हे पुस्तक ते वाचणारच. पहिलं वाचून गेले, तर दुसरं वाचून येतील. फक्त त्यात तो पाठमोरा माणूस घरी यायला हवा. एक पान पुरे. मास्तर एवढे हुशार, पण हे त्यांच्या डोक्यात शिरेना, आणि खरं कारण सांगावं तर काडीची जीभ टाळ्याला चिकटायची.

त्या दिवशी भांडणानंतर त्यानं पुलाचं पान पुढे ओढलं. म्हातारा झालेला नायक, मागे नव्या दमाची पोरं, खाली नदी. नायक सगळीकडे पाठमोराच असायचा, कारण चेहरा दाखवायचा नाही अशी पुस्तक काढणाऱ्या बाईंची अटच होती. आणि ती पाठ काडीची होती. मास्तरांना समोर माणूस उभा असल्याशिवाय पाठ जमायची नाही. म्हणून ते काडीला खिडकीशी उभं करायचे, तोंड बाहेर. “हलू नकोस. पाठीनं विचार कर,” असं म्हणायचे. वर्षभर काडी आपल्याच पाठीवर शाई फिरवत होता.

पुलावरच्या गर्दीत त्याला ती निळी आकृती दिसली.

आता निळ्याचं सांगायला हवं. मास्तर आधी फिकट निळ्या पेन्सिलीनं चाचपडायचे. कुणाला कुठे उभं करायचं, हात कुठे जाईल, असलं सगळं निळ्यात. मग त्यावर काळ्या पेन्सिलीनं पक्कं. निळं खोडायचं नाही, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसतच नाही. कागदावर असतं, पुस्तकात येत नाही. त्यामुळे खोलीत नियम एकच: निळ्यावर शाई नाही. निळं म्हणजे मनातलं, मास्तर म्हणायचे. मनातलं छापायचं नसतं.

तर गर्दीत एक निळा माणूस होता, नखाएवढा. सगळे पुलापलीकडे चालले होते आणि तो एकटा उलटा, गावाकडे. त्याचा चेहरा समोर यायला हवा होता. पण तिथे नुसता अंड्यासारखा गोल आणि त्यावर फुली, नाकडोळ्यांची जागा ठरवायला काढतात तशी.

म्हणजे या म्हाताऱ्या मास्तराच्या मनातही तेच आहे, काडीला वाटलं. वरून नाही म्हणतो आणि निळ्यात माझंच ऐकतो. त्याला हसू आलं. त्यानं नियम पाळला, निळ्याला हात लावला नाही.

पुढच्या पानावर सगळे कुलपाच्या कारखान्यात होते, तरी मागच्या खिडकीतून तो दिसत होता. पूल उतरलेला. अंगठ्याएवढा.

“तुमचा निळा बरा चाललाय,” काडी सहज बोलल्यासारखं बोलला.

“कसला निळा?” मास्तर म्हणाले. “माझी निळी संपून किती दिवस झाले. दुकानात येईना म्हणून सरळ काळीनंच काढतोय. तुझं लक्ष कुठे असतं?”

त्यांनी डबा पुढे केला. निळ्या पेन्सिलीचं थोटूक नखानंही धरता आलं नसतं. काडीला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण चेष्टा करताना मास्तरांच्या भुवया उडायच्या, त्या जागच्या जागी होत्या. काडीनं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उजेडात तिरका केला, सरळ केला, आणि खिडकीत काहीच नाहीये, डोळे तपासून घे, म्हणून परत दिला.

खाली मशीन सुरू झालं. दौतीत लाटा उठल्या.

*

घरी आई मशीनवर होती. ती लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. बाह्या आखूड करणं, कंबर सोडणं, अस्तर बदलणं. घरभर दुसऱ्यांचे कोट टांगलेले असायचे, नवख्याला वाटावं, घरात पाहुणे उभे आहेत. तिच्या कानात मशीनचा आवाज असा बसला होता की मशीन बंद असतानाही ती जोरात बोलायची.

“बाबू, आधी हात धू,” ती न बघता म्हणाली. “शाई खाऊन पोट भरत असतं तर स्वयंपाक बंद केला असता मी.”

त्यानं हात धुतले. शाई काही निघत नसे. बोटांची टोकं आणि उजव्या अंगठ्याची कड कायम काळी. त्याला ते आवडायचं. निदान हात बघून कळायचं की माणूस काहीतरी करतो.

आईनं खुंटीवरचा बाबांचा कोट काढला होता. कपडा चांगला आहे, नुसता कुजवण्यापेक्षा तू घाल, म्हणाली. तिनं हे इतक्या साधेपणानं म्हटलं की त्याला काही बोलायला फटच सापडली नाही. त्यानं कोट चढवला. बाह्या बोटांवरून खाली लोंबल्या, खांदे दंडावर उतरले. आईनं तोंडात टाचण्या धरून निळ्या खडूनं खुणा केल्या. खांद्यावर, बाहीवर, पाठीवर मधोमध. शिवण झाली की हे झटकून जातं, ते काही कपड्यावर राहायचं नसतं, असं ती पुटपुटली. दुरुस्तीला घेतलेल्या कपड्याचे खिसे ती नेहमी आधी उलटे करून बघायची. या कोटाचेही केले. आत काही नव्हतं.

“तुझ्या बाबांचा खांदा पण असाच खाली होता,” ती म्हणाली. टाचण्यांमुळे शब्द अडखळत होते.

बाबांबद्दल ती बोलली की तेवढंच बोलायची. दाराचं कुलूप मात्र तिनं कधी बदललं नव्हतं. ते जाम व्हायचं. गुडघ्यानं दार जरासं वर उचलून मग किल्ली फिरवावी लागायची, हे घरातल्या माणसांनाच ठाऊक. शेजारच्या काकू म्हणायच्या, बदला की ते कुलूप. आई म्हणायची, बघू. आणखी एक गोष्ट तिनं राखून ठेवली होती. गिऱ्हाईक आलं की “या” म्हणायची. काडी आला की “हात धू”. पण पूर्वी संध्याकाळी बाबा कामावरून आले की ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची, “आलात?” हा शब्द त्या घरात अकरा वर्षं कुणी ऐकला नव्हता.

*

त्यानंतरच्या पानावर काडीला आपली गल्ली दिसली.

मास्तरांनी काढली होती ती एक कुठलीही गल्ली. पोरं पत्रकं वाटतायत, भिंती, दिवे. पण तिच्या आतून निळ्यात दुसरीच गल्ली वर आली होती, पाण्याखालची फरशी दिसावी तशी. वाकडा नळ. जिन्याची तुटलेली तिसरी पायरी. त्यांच्या खिडकीतली आईची पाटी, जिचा एक खिळा निघून ती कलली होती. मास्तर कधी त्याच्या घरी आले नव्हते. आणि त्या पायरीवर तो माणूस बसला होता, हात गुडघ्यांवर, पुढे जाऊ की नको अशा बेतात. चेहऱ्याच्या जागी फुली.

भीती वाटली की काडीला राग यायचा, तसा तो आला. कुणावर ते कळेना. येतोस तर ये ना. बसलायस काय भिकाऱ्यासारखा.

मास्तर खाली पुस्तकवाल्या बाईंशी कागदाच्या जाडीवरून हुज्जत घालत होते. काडीनं ब्रश शाईत बुडवला आणि निळ्यावरून फिरवला.

कधी नव्हे इतकी ती रेघ सहज गेली. रेघ आधीच तिथे होती, ब्रश फक्त तिच्यावरचं काहीतरी पुसत होता असं वाटावं. पायरीवर माणूस बसलेला, काळा, पक्का, शाई ओली. मास्तर वर आले आणि पानावर वाकले.

“हा कोण?”

“तुम्हीच काढलाय.”

मास्तरांनी बोट शाईपासून दूर ठेवून त्या माणसाच्या खांद्याची रेघ हवेत गिरवली. मग काडीकडे बघितलं, त्याच्या खांद्याकडे.

“नियम मी उगाच केला नव्हता रे,” ते म्हणाले. आवाज चढला नाही, हीच गोष्ट काडीला बरी वाटली नाही. “या पुस्तकावर माझ्याआधी एक जण बसला होता. हात चांगला होता. आईशप्पथ चांगला. एक दिवस ब्रश न धुताच गेला.”

कुठे गेला, काडीनं विचारलं. मास्तरांनी खांदे उडवले आणि शेवटच्या पानाला हात लावू नकोस, ते उद्या मी बघतो, एवढं सांगून ते कितीतरी वेळ पेन्सिलीला टोकच करत बसले. पेन्सिल संपत आली तरी.

त्या दिवशी घरी जाताना जिन्यात काकू भेटल्या. तुमच्याकडे कुणी आलं होतं का, त्यांनी विचारलं. दुपारभर एक माणूस तिसऱ्या पायरीवर बसून होता. उठा म्हटलं तर नुसता बघत राहिला. चेहरा? छे, चेहरा काही लक्षात राहिला नाही. उंबऱ्यावर शाई सांडली होती ती मात्र मी पुसली, जिन्यात दौत घेऊन फिरू नकोस, म्हणाल्या.

आई जेवताना जिन्याकडे कान देऊन बसली होती. काडीनं विचारलं, “बाबा दिसायला कसे होते?”

तिनं घास घेतला, चावला, गिळला.

“आरशात बघ,” ती म्हणाली. “डोळे तेच, नाक तेच. राग आला की कानाची पाळी लाल होते ती पण तीच. मला कधी कधी...” ती थांबली. “जेव. गार होतंय.”

*

दुसऱ्या दिवशी मास्तर आलेच नाहीत. खालच्या मशीनवाल्यानं सांगितलं, बरं नाही म्हणून निरोप आलाय. हवा कोंदट होती, ढग नव्हते आणि ऊनही नव्हतं. खोलीत सगळ्याला सावली होती पण ती कुठल्या बाजूला पडलीय ते ठरत नव्हतं. काडी कोट घालूनच आला होता. शिवण व्हायची होती. आईला वेळ मिळाला नव्हता, खडूच्या खुणा तशाच होत्या. का घातला ते त्यालाही सांगता आलं नसतं. सकाळी हात सरळ खुंटीकडे गेला एवढंच.

शेवटचं पान टेबलावर होतं.

मास्तरांनी पूल काढला होता, पाठमोरी माणसं काढली होती, पण काळ्या पेन्सिलीचं ते काम आता धुक्यासारखं दिसत होतं. त्याच्यावरून निळं ठळक झालेलं. पानभर एकच चौकट. काडीच्या घरचं दार. आतून बघितल्यासारखं. दार अर्धं उघडलेलं, आणि उघडणाऱ्यानं ते गुडघ्यानं जरासं वर उचललेलं.

गुडघा बघून काडी खाली बसला.

माणूस समोर बघत होता. संपूर्ण पुस्तकात पहिल्यांदा समोरून, पुरा. अंगात कोट. चेहऱ्याच्या जागी रिकामा गोल आणि फुली. तोंडापाशी एक फुगा, तोही रिकामा.

आला होता तो. दारापर्यंत आला होता. चेहरा नाही म्हणून उंबऱ्यावर अडला होता, एवढंच. असा बिनचेहऱ्याचा पुढे आला तर आई ओळखणार कशी?

काडीनं दार, कडी, कोटाची कॉलर, सगळं शाईत पक्कं केलं. मग भिंतीवरचा मास्तरांचा दाढीचा आरसा काढून दौतीला टेकवला. आरशात बघ, आई म्हणाली होती. त्यानं बघितलं. डोळे काढले. नाक काढलं. अकरा वर्षं माणूस उन्हातान्हात फिरला असेल, म्हणून डोळ्यांखाली दोन रेघा घातल्या, तोंडाच्या कडेला एकेक, कपाळावर थोड्या. प्रत्येक रेघ ओढताना तो आरशात बघत होता, आणि रेघ कागदावर आधी येते की आरशात, हे एका क्षणी त्याला कळेनासं झालं. हात शांत होता. हात दुसऱ्या कुणाचातरी होता.

फुग्यात ‘मी आलो’ लिहावं असं त्याला फार वाटलं. पण अक्षराची लाज वाटली. ते मास्तर बघतील, म्हणून त्यानं फुगा तसाच सोडला.

जमीन थरथरायची थांबली होती. मशीन कधी बंद झालं, कळलंच नाही.

*

खाली मशीनवाला कागद मोजत होता. तो काडीला बघून बाजूला झाला, मान लववली, जशी तो बाईंकडे आलेल्या पाहुण्यांना लववायचा.

रस्ता रोजचाच होता, फक्त आवाज कमी होते. माणसं बोलताना दिसत होती आणि बोलणं थोड्या वेळानं पोचत होतं. गल्लीच्या तोंडाशी पोरं खेळत होती. चेंडू घरंगळत त्याच्या पायाशी आला.

“काका, बॉल द्या ना.”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काका कुणाला म्हणतोस रे?”

पोरगा घाबरून मागे सरला. काडीनं चेंडू उचलून फेकला. फेकताना खांदा दुखला, जुनं दुखणं असल्यासारखा.

वाकडा नळ. आईची कललेली पाटी. तिसऱ्या पायरीवर त्याला दम लागला. तो बसला, हात गुडघ्यांवर ठेवून. वरून मशीनचा आवाज येत होता, बारीक, झोपेत ऐकू यावा तसा. काकू दारात आल्या. उठा, म्हणाल्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांना काय म्हणून हाक मारायची, ते आठवेना. मग उठला.

दारापाशी त्यानं किल्लीसाठी हात घातला. त्याची किल्ली नेहमी पँटच्या खिशात. हात कोटाच्या खिशात गेला.

तिथे किल्ली होती. गार, दाते झिजलेले.

त्यानं गुडघ्यानं दार उचललं. किल्ली फिरली.

मशीन चालू होतं. आई खाली मान घालून शिवत होती, आजूबाजूला टांगलेले कोट.

टेबलापाशी कुणीतरी जेवत बसलं होतं, पाठमोरं. बारीक खांदे. उजवा किंचित खाली. ती पाठ त्यानं वर्षभर गिरवली होती.

“बाबू, आधी हात धुतलेस ना?” आई म्हणाली.

तो ‘हो’ म्हणणार होता. पण टेबलापाशी बसलेल्यानं हात वर करून दाखवले. बोटांची टोकं काळी. उजव्या अंगठ्याची कड काळी.

त्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं.

स्वच्छ होते. बाही बरोबर मनगटाशी संपत होती. खांदे अंगाला चपखल. कपड्यावर खडूची एक खूण उरली नव्हती.

मशीन थांबलं.

आईनं वर बघितलं नाही. तिनं दोरा दातानं तोडला, सुई कपड्यात खोचली.

“आलात?” ती म्हणाली.

त्याच्या जिभेवर ‘आई’ होतं. त्यानं तोंड उघडलं. ते एवढंच तर म्हणायचं होतं, लहानसा शब्द, आणि पुढचं सगळं आपोआप सुटलं असतं.

टेबलापाशी बसलेल्यानं घास उचलला होता. तो हातातच राहिला.

“मला,” दारातून तो म्हणाला, “मला आता निघायला हवं.”